आधण

तुझा चेहरा आम्ही कधी पाहिला नाही.
फक्त हात दिसतात, कोपरापर्यंत,
डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग,
मागे पांढरी फरशी.
चार मिनिटं बारा सेकंदांत
तू पाणी तापवतेस, तापमापी बुडवतेस
आणि बोटाने दाखवतेस :
शंभर.

तुझे हात इथवर आले
ओशहून निघालेल्या कोळशाच्या ट्रकमधून,
ड्रायव्हरच्या लोकरी मोज्यात गुंडाळलेल्या पेन ड्राइव्हवर.
कारण मुर्गाबात नेट येतं ते अवघडलेल्या पाहुण्यासारखं,
दाराशी घुटमळतं,
चहा न घेताच परत जातं.
मी रात्र रात्र जागून बोलावलेले तुझे बाकीचे धडे,
बेडकाचं हृदय, लोलकातला प्रकाश,
एकसष्ट टक्क्यांवर अजून गोल गोल फिरतायत.

आठवीचा वर्ग. सतरा मुलं, लॅपटॉपला पाऊण तासाची बॅटरी.
तुझी भाषा त्यांना निम्मीच कळते,
उरलेली मी सांगते,
थोडी हातवाऱ्यांनी, थोडी खोटी.
लोखंडी शेगडीत तेरेस्केनची झुडपं, याकच्या शेणाच्या गोवऱ्या,
वर ठोक्या पडलेली किटली,
आणि शाळेची एकुलती एक तापमापी,
जी मी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून आणते.

पाणी रटरटायला लागलं.
झाकण नाचलं. खिडकीवरचा बर्फ ओघळला.
पारा चढत चढत आला आणि थांबला
अठ्ठ्याऐंशीवर.

आणखी गोवऱ्या घातल्या.
अठ्ठ्याऐंशी.
तोक्तोसुनने गुडघ्यावर बसून फुंकर मारली, डोळे लाल केले.
अठ्ठ्याऐंशी.

"म्हातारी झाली तापमापी," तो म्हणाला.
"आपलं पाणीच गरीब आहे," मीरलान.
बुरुल काही बोलली नाही,
तिने तुला तीनदा मागे नेलं, तीनदा शंभरावर थांबवलं,
मग हळूच मला म्हणाली,
"एजे, ही बाई खोटं बोलते."

मी काय बोलणार?
अकरा वर्षं मी फळ्यावर शंभर लिहिलं,
शंभर लिहिणाऱ्याला पूर्ण गुण दिले,
नव्वद लिहिणाऱ्या एका पोराचा कान पिळला होता.
त्याचं नावही आता आठवत नाही.
आणि घरी रोज दोन वेळा चहाचं आधण ठेवलं,
एकदाही विचारलं नाही त्याला,
बाबा रे, तुझं वय काय?

तेव्हा मागच्या बाकावरून सायकल :
"माझी आई झाकणावर दगड ठेवते.
नाहीतर मांस संध्याकाळपर्यंत चामडंच राहतं."
वर्ग हसला.
मग बुरुलचं हसू मध्येच थांबलं,
ती खिडकीतून वर बघायला लागली,
जणू तिथे कुणीतरी काहीतरी ठेवायचं विसरलंय.

"वरचा दगड हलका आहे आपला," ती म्हणाली.
"हवेचा."

त्यानंतर मला फार शिकवावं लागलं नाही.
हवा इथे विरळ, तिचा हात पाण्यावर सैल,
म्हणून पाणी निसटतं लवकर,
घंटा व्हायच्या आधी दप्तर उचलणाऱ्या पोरांसारखं.
दर तीनशे मीटरला साधारण एक अंश,
आपण छत्तीसशेवर,
बारा अंश कमी. करा वजाबाकी.

बॅटरी संपली. तुझे हात काळोखात गेले.
कुणीच जागचं उठलं नाही.

"मग तिचं शंभर म्हणजे," तोक्तोसुन बोटं मोजत होता,
"तिची उंची शून्य.
शून्यावर कोण राहतं, एजे?"

शितावरून भात ओळखतात,
आम्ही आधणावरून तुझं गाव ओळखलं.
अंगठ्यावर डाग असलेल्या बाई,
तू समुद्राजवळ राहतेस.
फरशीपलीकडे, तू कधी दाखवली नाहीस त्या खिडकीतून
कदाचित जहाजंही दिसत असतील.

आमच्यात समुद्र कुणीच पाहिलेला नाही.
मीरलानने किटलीतलं उरलेलं पाणी
सतरा पेल्यांत ओतलं, थोडं थोडं,
आणि पिण्याआधी प्रत्येकाने
त्यात बोट बुडवून पाहिलं.